दोन्ही ओव्हरी काढल्या, तरी ओटीपोट दुखत राहिलं : सोलापुरातला माझा अनुभव

ऑगस्ट २०२२ मध्ये माझ्या दोन्ही ओव्हरी काढल्या. वय तेव्हा ४२. गर्भपिशवी त्याआधी २०१७ मध्येच फायब्रॉइडमुळे काढलेली होती, ओव्हरी तेवढ्या ठेवल्या होत्या. नंतर डाव्या बाजूला चॉकलेट सिस्ट (ओव्हरीत जुन्या रक्ताची गाठ) झाली, एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) निघालं, दर महिन्याला चार-पाच दिवस मी आडवी, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले दोन्ही काढून टाकू म्हणजे विषय संपेल. विषय संपला नाही. ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, वर्ष झालं, तरी दुखणं होतंच, आणि अशा वेळी कुणाकडे जायचं, कोणते कागद लागतात, खर्च किती येतो हे मराठीत एका जागी मला कुठेच मिळालं नाही म्हणून सगळं क्रमानं लिहितेय. मी डॉक्टर नाही, अक्कलकोट रोडला एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात अकाउंट्स बघते. खाली औषधांची नावं आली आहेत ती वाचून कुणी मेडिकलमधून परस्पर आणू नका, प्रत्येकीचं कारण वेगळं असू शकतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून सुरू केलं होतं पण आत सगळं चिकटलेलं निघालं, आतडं, ओव्हरी, बाजूची भिंत, म्हणून मधेच पोट उघडावं लागलं. बिकिनी लाइनवर आडवा छेद. बिल साधारण ८५ हजार झालं, त्यातले बरेचसे मेडिक्लेममधून मिळाले. इथे एक सांगते, बऱ्याच पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्चपण मिळतो, आमच्यात ६० दिवस होते. त्या काळात काढलेली सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, गोळ्या यांची ओरिजिनल बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. पुढे मला जो खर्च आला तो सगळा ओपीडीतला, त्यातला एक रुपया कुठून मिळाला नाही. जन आरोग्य योजनेचीपण चौकशी केली होती, पण तिथे भरती होऊन करायचे ठरलेले उपचार बसतात, माझ्यासारखं दर आठवड्याचं फिजिओ आणि गोळ्या नाही बसत.

पहिले दीड महिना दुखणं असणारच हे गृहीत होतं. नोव्हेंबर उजाडला, मी कामावर परत गेले, आणि तेव्हा लक्षात आलं की हे टाक्यांचं दुखणं नाहीये. दोन वेगवेगळी दुखणी होती आणि ही गोष्ट मला फार उशिरा कुणीतरी विचारली. एक होतं छेदाच्या उजव्या टोकाला, बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याशा जागेत, आग झाल्यासारखं, आणि तिथून कळ जांघेत उतरायची. साडीची निरी खोचली, पँटचं इलॅस्टिक लागलं, रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली की चमक. दुसरं आत खोल, जड, सगळं खाली ओढल्यासारखं, खुर्चीत तास-दीड तास बसलं की सुरू, संडासला जाताना वाढायचं, लघवी होऊनही झाली नाही असं वाटायचं. आणि या सगळ्यावर गरम वाफा. बेचाळीसाव्या वर्षी एका दिवसात पाळीचं वय संपवल्यावर शरीर जे करतं ते सगळं. रात्री दोनला उठून पंख्याखाली बसायचं, घामानं गाऊन ओला.

जानेवारी २०२३, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. आमच्या घरी अक्षता सोहळ्याला जायची पद्धत आहे, संमती कट्ट्याजवळ गर्दीत उभं राहायचं असतं. अर्धा तास उभी राहिले आणि मग तिथेच एका ओट्यावर बसले, उठताच येईना. सासूबाई म्हणाल्या, "पिशवी काढली, अंडाशयं काढली, आता आत दुखायला राहिलंय तरी काय गं?" त्यांनी वाईट हेतूनं नाही विचारलं, त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. पण तो प्रश्न मला इतका लागला की त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात दुखतंय हे बोलणंच बंद केलं, गोळी घ्यायची आणि भाकरी थापायची.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे परत गेले. सोनोग्राफी केली, १२०० रुपये, नॉर्मल. "रिपोर्ट चांगला आहे, मनावर घेऊ नका, फिरायला जात जा." पुढच्या वेळी तेच. तिथून मग फिरणं सुरू झालं. एकीकडे लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिकचे कोर्स, लघवीच्या कल्चर तपासणीत जंतू कधीच सापडले नाहीत तरी. एकीकडे पोटाच्या डॉक्टरांनी आतड्याचा त्रास म्हणून पथ्य दिलं, त्यानं बद्धकोष्ठता कमी झाली हे मात्र खरं, इसबगोल मी आजही घेते. एका ठिकाणी सांगितलं की आत चिकटलंय, परत दुर्बीण घालून सोडवू, पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा. मी ह्यांना म्हणलं, आता कुणालाही पोट उघडू द्यायच्या आधी मला समजलं पाहिजे की मागच्या वेळी आत नक्की काय केलं.

मे महिन्यात माझ्या कारखान्यातल्या पद्मक्कानं तिच्या बहिणीच्या ओळखीच्या एका लेडी डॉक्टरांचं नाव दिलं. जुळे सोलापुरात छोटं क्लिनिक, कन्सल्टिंग ४०० रुपये. त्यांनी पहिल्यांदाच पाऊण तास दिला. माझी सगळी फाईल बघितली आणि म्हणाल्या, यात डिस्चार्ज कार्ड आहे, बायोप्सी रिपोर्ट आहे, पण ऑपरेशन नोट कुठाय? डिस्चार्ज कार्डवर एका ओळीत ऑपरेशनचं नाव असतं. ऑपरेशन नोट वेगळी, त्यात पोट उघडल्यावर काय दिसलं, काय कुठे चिकटलं होतं, कसं काढलं, सगळं लिहिलेलं असतं. दुखणं का राहिलंय याचा अर्धा धागा त्यात असतो, असं त्यांचं म्हणणं.

ती नोट आणणं हेच एक काम होऊन बसलं. रिसेप्शनवर सांगितलं रेकॉर्ड रूमवाला रजेवर आहे, मग म्हणले डॉक्टरांची सही लागेल, मग म्हणले कशाला पाहिजे, केस करायची आहे का. मला केस करायची नव्हती, मला बरं व्हायचं होतं. शेवटी ह्यांच्या ऑफिसातल्या एकांनी सांगितलं की लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत कागद द्यायचे. आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं हेपण त्याच नियमांत. म्हणून तीन वर्षं उलटायच्या आत मागून घ्या, दुखत नसलं तरी मागून ठेवा. मी साध्या कागदावर अर्ज केला, नाव, आयपीडी (भरतीचा) नंबर, ऑपरेशनची तारीख, नियमाचा उल्लेख, आणि काय काय हवंय ते नीट लिहिलं: ऑपरेशन नोट, भूल दिल्याचा कागद, रोजच्या नोंदी. आधारची झेरॉक्स जोडली. दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घेतली, ही पोच महत्त्वाची. दोन दिवसांनी फोन आला, कागद घेऊन जा. झेरॉक्सचे दीडशे रुपये घेतले.

नोटमध्ये लिहिलं होतं की उजवी ओव्हरी बाजूच्या भिंतीला घट्ट चिकटली होती आणि तुकड्या-तुकड्यात काढावी लागली. मॅडमनी ते वाचून मला समजावलं. ओव्हरी अशी निघाली की एखादा बारीक तुकडा आत राहू शकतो, तो तुकडा जिवंत राहून हार्मोन तयार करत राहतो, गाठ पण धरू शकतो, आणि दुखणं परत सुरू होतं. माझी पिशवी नसल्यामुळे पाळीवरून काही कळायचा मार्ग नव्हता. तपासायचं कसं तर रक्तातली दोन हार्मोन, एफएसएच (ओव्हरीला काम करायला लावण्यासाठी मेंदूकडून येतं ते) आणि इस्ट्राडिओल (ओव्हरी तयार करते ते). दोन्ही ओव्हरी खरंच गेल्या असतील तर एफएसएच पाळी बंद झालेल्या बाईसारखं वर जातं आणि इस्ट्राडिओल तळाला. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आकडे फसवतात, त्या आधी काही आठवडे थांबवायला लागतात, किती ते डॉक्टर सांगतात. माझ्या चालूच नव्हत्या. दोन्ही मिळून १३०० रुपये, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. एफएसएच ७१. तुकडा राहिलेला नाही असं जवळजवळ नक्की झालं. खात्रीसाठी जुलैत एमआरआय, साडेसात हजार, त्यातही गाठ नाही, नवीन एंडोमेट्रिओसिस ठळक दिसत नाही.

रिपोर्ट हातात घेऊन मी सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत रडले. नॉर्मल रिपोर्ट आला की बाकीचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि आपल्याला वाटतं आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार. ज्या बायका हे वाचतायत आणि ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत त्यांना मला एवढंच सांगायचंय की सोनोग्राफी आणि एमआरआय गाठ दाखवतात, पाणी दाखवतात. टाक्यात अडकलेली बारीक नस (नर्व्ह) सहसा त्यात दिसत नाही, आखडलेला स्नायू दिसत नाही, पातळ चिकटलेले पडदे बऱ्याचदा दिसत नाहीत. हे शोधायला हातानं तपासावं लागतं.

आणि तसंच झालं. ऑगस्टमध्ये मॅडमनी मला टेबलावर झोपवलं आणि म्हणाल्या, एका बोटानं दाखवा. मी छेदाच्या उजव्या टोकाच्या जरासं वर बोट ठेवलं. त्यांनी तिथे स्वतःचं बोट दाबून धरलं आणि सांगितलं, आता हात छातीवर घ्या आणि नुसतं डोकं आणि खांदे वर उचला. मी उचलले आणि ओरडलेच. त्यांनी बोट दोन इंच बाजूला सरकवलं, परत उचलायला लावलं, काही नाही. परत पहिल्या जागी, परत कळ. मग कापसाचा बोळा पोटावरून फिरवला, डावीकडे कापूस कापसासारखा लागला, उजवीकडे त्या पट्ट्यात खरखरीत आणि जळजळीत. पोटाचे स्नायू ताठ केल्यावर दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर शक्यतो कमी होतं, कारण स्नायूंची ढाल मधे येते, आणि वाढलं तर ते पोटाच्या भिंतीचं, नसेचं असायची शक्यता जास्त. या तपासणीला एक पैसा लागत नाही आणि दोन मिनिटं लागतात. वर्षभरात ती कुणीच केली नव्हती.

त्यांनी सांगितलं की आडव्या छेदाच्या टोकाजवळून इलिओइंग्वायनल नावाची नस जांघेकडे जाते, ती टाक्यात किंवा व्रणात अडकू शकते. आणि आतलं जड दुखणं वेगळं, ते ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं. इतकी वर्षं एंडोमेट्रिओसिसनं दुखत होतं, शरीर सतत आवळून धरत होतं, ते स्नायू सोडायचंच विसरले. चिकटलेल्या पडद्यांचं विचारलं तर म्हणाल्या, पोट उघडलेल्या बहुतेकांच्या आत थोडंफार चिकटतं, पण त्यातल्या सगळ्यांना दुखत नाही, आणि सोडवायला परत पोटात गेलं की नव्यानं चिकटायची शक्यता असतेच. म्हणून ते शेवटी बघू.

नसेच्या इंजेक्शनसाठी पुण्यातल्या पेन क्लिनिकची चिठ्ठी दिली. अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून जायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत, चार तास बसणं हेच मोठं संकट. मी कुर्डुवाडी आणि दौंडला उठून डब्यात फेऱ्या मारायचे, मागून कापलेली यू आकाराची उशी न्यायचे, साडेआठशेला मिळाली होती. शक्य असेल तर कडेची सीट घ्या, खिडकीची नको.

इंजेक्शन सोनोग्राफीच्या मशीनवर बघून देतात, नसेच्या बाजूला भूल आणि थोडं स्टिरॉइड. ५५०० रुपये. सुई टोचताना दुखलं, पण दहा मिनिटांत ती जागा बधिर झाली आणि तेराएक महिन्यांत पहिल्यांदा मी उजवीकडे वाकून चप्पल घातली. डॉक्टर म्हणाले हे औषध तर आहेच, शिवाय पुरावापण आहे, नस बधिर केल्यावर दुखणं गेलं म्हणजे दुखणं तिथलंच. पहिल्याचा असर दोन आठवड्यांत उतरला, मला वाटलं संपलं सगळं, पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की परत परत द्यावं लागू शकतं, आणि खरंच पुढच्या इंजेक्शनांनी आराम जास्त दिवस टिकत गेला.

सोबत रात्री ॲमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ सुरू केली. मेडिकलवाल्यानं ह्यांना विचारलं, वैनींना डिप्रेशन आहे का? घरी त्यावरून चर्चा. तर हे नीट समजून घ्या, ती गोळी डिप्रेशनसाठी मोठ्या डोसात देतात, छोट्या डोसात ती नसांच्या दुखण्यासाठी बरीच वापरतात. मला पहिले दहा-पंधरा दिवस तोंड कोरडं पडायचं आणि सकाळी सुस्ती, म्हणून रात्री साडेआठलाच घ्यायला लागले. झोप लागायला लागली आणि झोप लागली की दुसऱ्या दिवसाचं दुखणं कमी असायचं, हे डायरीत स्पष्ट दिसत होतं.

ही डायरी म्हणजे साधी शंभरपानी वही. तारीख, दुखणं दहापैकी किती, कुठलं दुखणं, किती वेळ बसले, संडास साफ झाली का, झोप. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण "खूप दुखतं" एवढंच बोलतो, वही उघडून दिली की त्यांचेही प्रश्न बदलतात.

पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी डिसेंबर २०२३ पासून. याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही म्हणून सविस्तर लिहिते. बाई फिजिओ होत्या, पुण्यातच, पहिली भेट १२०० आणि नंतर ७००. त्या पहिल्यांदा फक्त बोलल्या. दुसऱ्या वेळी आतून तपासणी, हातमोजा घालून एका बोटानं, आणि आधी विचारून, "कुठल्याही क्षणी थांबा म्हणा, मी थांबते." डाव्या बाजूला आत एक जागा दाबली आणि तेच जड ओढल्यासारखं दुखणं जसंच्या तसं उठलं. मला भीती वाटायच्या ऐवजी बरं वाटलं, सापडलं म्हणून. त्यांनी एक गोष्ट ठामपणे सांगितली, केगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) करायचं नाही. यूट्यूबवर, मैत्रिणींत, सगळीकडे ओटीपोट म्हणलं की केगल सांगतात. स्नायू ढिले पडले असतील तर ते बरोबर, पण माझे आधीच आवळलेले, त्यांना अजून आवळायला लावलं तर दुखणं वाढणारच. मला उलटं शिकायचं होतं, सोडायला. पोटातून श्वास, श्वास घेताना खालचा भाग सैल सोडायचा. बालासन. पाठीवर झोपून गुडघे छातीकडे. व्रणावर खोबरेल तेलाचं बोट गोल फिरवायचं. संडासला बसताना कमोडसमोर पाट ठेवून त्यावर पाय. मोठ्या प्रवासाचे पैसे वाचावेत म्हणून मधल्या भेटी व्हिडिओ कॉलवर, त्या ४०० रुपयांत.

मी त्यांना विचारलं होतं, कारण सापडलं, नस बधिर केली, मग अजून का दुखतं? त्या म्हणाल्या, तुम्ही सोलापूरच्या ना, यंत्रमागाच्या शेडमधून बाहेर आलेल्या माणसाच्या कानात खडखड कितीतरी वेळ चालूच असते, तसं इतकी वर्षं दुखण्याचे निरोप घेऊन घेऊन मेंदू आणि नसा जास्त संवेदनशील झाल्यात, शांत व्हायला वेळ लागतो. माझे वडील जन्मभर मागावर होते. मला लगेच पटलं. घरी येऊन सासूबाईंना हेच सांगितलं, त्यांनाही पटलं, त्यांनी बिड्या वळण्याबरोबर काही वर्षं मागाच्या शेडमध्ये कांड्याही भरल्यात. तेव्हापासून त्या विचारतात, "आज कुठलं दुखायलंय, वरचं का आतलं?"

गरम वाफा आणि हाडं हा विषय २०२४ मध्ये हातात घेतला. एवढ्या कमी वयात दोन्ही ओव्हरी गेल्या की हाडं लवकर ठिसूळ होतात, हे ऑपरेशनच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. डेक्सा स्कॅन केला, २२०० रुपये, कंबरेचं हाड थोडं कमी भरलं. मॅडमनी सगळं तपासून, स्तनांची सोनोग्राफी-मॅमोग्राफी करून, कमी डोसाचे हार्मोन सुरू केले. एंडोमेट्रिओसिस झालेलीला नुसतं इस्ट्रोजेन द्यायचं का बरोबर दुसरं काही, हा विचार डॉक्टरांना करावा लागतो, तेव्हा फाईलवर एंडोमेट्रिओसिस मोठ्या अक्षरात लिहून न्या. एप्रिलमध्ये सोलापूर ४२-४३ डिग्री असताना वाफा कमी झाल्या याचं सुख काय सांगू.

संबंधांचं लिहू का नको असं चाललं होतं, पण लिहिते. ऑपरेशननंतर खूप काळ ते अशक्यच होतं, कोरडेपणा आणि आत दुखणं दोन्ही. हे कधी बोलले नाहीत पण मला अपराधी वाटायचं. फिजिओ मॅडमनी ह्यांनापण एकदा कॉलवर घेतलं आणि समजावलं. आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, त्यानं कोरडेपणा बराच गेला. बाकी अजून हळूहळू चाललंय. डॉक्टर स्वतःहून विचारत नाहीत, आपणच काढायला लागतो विषय.

ऑफिसात मी मालकांना लेखी दिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, की दर पाऊण तासाला पाच मिनिटं उठणार. मार्चएंडला जीएसटीचं काम असताना हे जमेल का धाकधूक होती, त्यांनी हो म्हणलं आणि उभं राहून काम करायला एक उंच टेबलपण दिलं.

हे लिहितेय तो २०२५ चा पावसाळा आहे. रोजचं दुखणं दहापैकी दोन-तीन, जास्त बसणं झालं किंवा बद्धकोष्ठता झाली की पाच-सहा, पूर्वीचं आठ आता क्वचित. वाढलं की ते तीन-चार दिवसांत उतरतं हे माहीत झालंय. पण नेहमीपेक्षा वेगळं काही झालं तर मात्र वाट बघत नाही, मॅडमनी यादीच दिलीय: ताप, पोट फुगून उलट्या आणि गॅस-संडास बंद, खालून रक्त, एका पायाला सूज. त्यातही पोट फुगणं आणि उलट्या, कारण चिकटलेल्या पडद्यात आतडं अडकू शकतं, तेव्हा रात्र असली तरी इमर्जन्सीत जायचं.

पुण्याच्या डॉक्टरांनी ती नस कापायच्या छोट्या ऑपरेशनचा पर्याय ठेवलाय. त्यात जांघेतली थोडी जागा कायमची बधिर होऊ शकते आणि दुखणं जाईलच अशी हमी नाही. मी सध्या नाही म्हणलंय. इंजेक्शनमधलं अंतर वाढत चाललंय तोवर तरी नाही, पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, तेव्हा वही घेऊन जाईन आणि परत विचारीन.